दुवा द्यावा, नाव ठेवावं

मराठीत 'दुवा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे आशीर्वाद. दारात आलेला फकीर दुवा देतो, पोटभर जेवलेला पाहुणा दुवा देतो. दुसरा अर्थ जोडणारी कडी, साखळीतला दुवा. महाजालावर 'लिंक'ला मराठी शब्द हवा होता तेव्हा कुणीतरी हा दुसरा अर्थ उचलला आणि तो छान रुळला. गंमत म्हणजे पहिला अर्थही तिथे तितकाच चपखल बसतो. एखाद्याच्या लेखाचा दुवा देणं म्हणजे त्या लेखकाला दुवा देणंच की! "मी वाचलंय, चांगलं आहे, तुम्हीही वाचा" एवढं त्यात न बोलता येतं.

'नाव ठेवणं' हाही तसाच दुहेरी प्रकार. बारशाला आपण नाव ठेवतो ते कौतुकानं, आणि नंतर जन्मभर नावं ठेवतो ती कशी, ते सांगायला नको.

आज हे दोन शब्द घेऊन बसलो त्याचं कारण एक धंदा. त्याला 'एसईओ' म्हणतात. आपलं संकेतस्थळ शोधयंत्राच्या यादीत वर यावं म्हणून करायचे उपचार, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. उपचारांची यादी लांबलचक असते, पण दोन कलमं तिच्यात नेहमी सापडतात. एक, दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्या पानाकडे दुवे मिळवा. दोन, पानावरच्या प्रत्येक चित्राला शब्दांत नाव द्या. आमच्या घरातल्या पुष्कळ जणांना वाटतं की या दोन्ही गोष्टी गूगलनं काढल्या आणि गूगलसाठीच करायच्या असतात. तसं नाहीये. दोन्ही गोष्टी आधी माणसांसाठी होत्या. यंत्रानं त्या नंतर वाचायला घेतल्या, आणि यंत्र वाचतंय म्हटल्यावर काय काय झालं त्याचा हा इतिहास.

सुरुवात दुव्यापासून करू. ती संगणकाच्या कितीतरी आधी होते.

१८७३ साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं वकिलांसाठी एक सोय काढली. तिकडे न्यायालयात जुन्या निकालांचा आधार घ्यायची पद्धत. पण जुना निकाल अजून ग्राह्य आहे की नंतर कुणी तो फिरवलाय, हे कळायचं कसं? शेपर्डनं डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापल्या. वकिलानं त्या आपल्या कायद्याच्या पुस्तकात त्या त्या निकालाच्या समासात चिकटवायच्या. या निकालाचा उल्लेख पुढे कुठल्या कुठल्या निकालात आला ते त्यावर लिहिलेलं असे. साधी कल्पना, पण उलट दिशेची. एरवी आपण पुस्तकात मागचे संदर्भ बघतो, इथे पुढचे दिसायला लागले. मागून येणाऱ्यांनी तुमचं नाव घेतलं का, आणि घेतलं तर कसं, ते.

ही युक्ती यूजीन गारफिल्ड या माणसानं विज्ञानाकडे नेली. १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यानं लेख लिहून शास्त्रीय निबंधांसाठी अशीच सूची करावी असं सुचवलं, आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. कुठल्या निबंधाचा आधार नंतर कुणाकुणी घेतला, याची ती जाडजूड वही. शास्त्रज्ञाला आपल्या विषयाचा माग काढायला ती फार उपयोगी पडली. पण लौकरच लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ज्याचा उल्लेख जास्त, तो मोठा! नेमणुका आणि बढत्यांच्या वेळी हे आकडे टेबलावर यायला लागले. मग मित्रामित्रांनी एकमेकांचे उल्लेख करणं आलं, स्वतःच स्वतःचे उल्लेख करणं आलं. ही नोंद जरा लक्षात ठेवा. पुढे पुन्हा हेच होणार आहे, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर.

आता चित्रांकडे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली जी कल्पना मांडली आणि १९९१ पासून जी जगासाठी खुली झाली, त्या महाजालाचा पहिला अवतार शब्दांचाच होता. शब्द आणि दुवे. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी मार्क अँड्रीसन या अमेरिकेतल्या तरुणानं सुचवलं की पानात मजकुरामध्येच चित्र दाखवण्यासाठी एक खूण असावी. बाकीच्यांनी इतर पर्याय सुचवले, थोडी चर्चा झाली, पण अँड्रीसन आणि त्याचे सहकारी तेव्हा 'मोझेक' हा ब्राउझर लिहीत होते. त्यांनी ती खूण त्यात टाकूनच दिली. तीच आजपर्यंत चालू आहे. त्या मूळ प्रस्तावात चित्राचा फक्त पत्ता होता. चित्रात काय आहे हे शब्दांत सांगायची जागा नव्हती.

ती जागा लौकरच करावी लागली, कारण चित्र न दिसणारे लोक भरपूर होते. कुणी 'लिंक्स'सारखा निव्वळ अक्षरांचा ब्राउझर वापरत होतं, कुणाची फोनलाइन इतकी हळू की चित्रं बंद ठेवलेली बरी. आणि कुणाला डोळ्यांनीच दिसत नव्हतं. १९९५ साली एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाणित झाली तेव्हा तिच्यात 'ऑल्ट' नावाचं कलम होतं. ऑल्ट म्हणजे पर्याय. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी वाचायचे शब्द. तेव्हा ते ऐच्छिक होतं. डिसेंबर १९९७ मधल्या चौथ्या आवृत्तीनं ते सक्तीचं केलं.

अंध माणूस संगणक वापरतो कसा, हे आपल्यातल्या अनेकांनी बघितलेलं नसतं. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारी एक आज्ञावली असते. 'जॉज' ही त्यातली एक प्रसिद्ध. ती काढणाऱ्या टेड हेंटर यांची कथा सांगण्यासारखी आहे. हे गृहस्थ मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे. १९७८ साली मोटारीच्या अपघातात दृष्टी गेली. मग संगणक शिकले आणि १९८९ साली 'जॉज' बाजारात आणलं. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं 'एनव्हीडीए' सुरू केलं. ते चकटफू आहे आणि मराठीही वाचतं. अशी आज्ञावली चित्रापाशी आली की चित्राचं ऑल्ट वाचते. ते नसेल तर कधी नुसतं 'ग्राफिक' म्हणून पुढे जाते, कधी फाइलचं नाव वाचते. फाइलचं नाव 'आयएमजी शून्य दोन तीन चार' असेल तर तेवढंच.

यावरून खटलाही झाला. सिडनी ऑलिंपिकच्या वेळची गोष्ट. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ साली तक्रार केली की स्पर्धेच्या संयोजन समितीचं संकेतस्थळ मला वाचता येत नाही, चित्रांना शब्द नाहीत. हे फार खर्चाचं काम आहे, असा समितीचा पवित्रा होता. ऑगस्ट २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानं मॅग्वायर यांच्या बाजूनं निकाल दिला. समितीनं काम अर्धवट केलं, तेव्हा तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. एवढ्या मोठ्या सोहळ्याच्या हिशोबात ही रक्कम म्हणजे चणेफुटाणे. पण चित्राला नाव ठेवणं हा दुसऱ्याचा हक्क असू शकतो, हे तेव्हा कागदावर आलं.

तर दुवा म्हणजे शिफारस आणि ऑल्ट म्हणजे न दिसणाऱ्याला केलेली मदत. दोन्हीकडे एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत होता. आता शोधयंत्र येतं.

डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आलं आणि लोक थक्क झाले. महाजालावरचा मजकूर शब्दन् शब्द शोधता येत होता. अडचण एकच होती. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यावर ते फार विश्वासून होतं. 'पुणे' हा शब्द शोधला तर ज्या पानावर तो जास्त वेळा तेच पान वर, असा साधारण हिशोब. मग काय! लोकांनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. पानाच्या डोक्यावर विषयाचे शब्द लिहायची जी लपलेली जागा होती, तिथेही असलंच भरताड. आपलीच आरती आपणच ओवाळायची आणि घंटाही आपणच वाजवायची. ती जागा इतकी बिघडली की आम्ही क्रमवारीसाठी तिच्याकडे बघत नाही, असं गूगलनं २००९ साली जाहीर सांगून टाकलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली जो निबंध सादर केला, तो या आरत्यांवरचा उतारा होता. कल्पना शेपर्ड-गारफिल्डच्याच घराण्यातली. समजा गावात नवा वैद्य आला. 'नामांकित वैद्य' अशी पाटी त्यानं स्वतःच लावली, तर तिला कोण विचारतो? पण चार लोक म्हणाले, "त्यांच्याकडे जा", तर आपण जातो. सांगणारा स्वतः जाणता असेल तर त्याच्या शब्दाला वजन जास्त. आणि जो भेटेल त्याला पन्नास वैद्यांची नावं सांगत सुटतो, त्याच्या शिफारशीचं वजन पन्नास जागी वाटलं जातं. वैद्याच्या जागी पान आणि शिफारशीच्या जागी दुवा ठेवला की झाला 'पेजरँक'. फक्त ही बेरीज त्यांनी २ कोटी ४० लाख पानांवर करून दाखवली होती.

त्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दुवा देताना आपण ज्या शब्दांवर तो बसवतो, ते शब्द त्यांनी ज्या पानाकडे बोट दाखवलंय त्या पानाच्या खात्यावर जमा केले. असे २५ कोटी ९० लाख दुवे त्यांनी नोंदले होते. कारण काय दिलं? तर पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा दुसरे त्याच्याबद्दल जे सांगतात ते पुष्कळदा जास्त अचूक असतं. शिवाय ज्यात मजकूरच नाही अशा गोष्टी, उदाहरणार्थ चित्रं, त्याही मग शोधता येतात. चित्र मुकं असतं, पण त्याच्याकडे बोट दाखवणारा बोलतो ना.

चित्रांचा वेगळा शोध गूगलनं जुलै २००१ मध्ये सुरू केला, २५ कोटी चित्रांचा. त्याला निमित्त झालेली गोष्ट एरिक श्मिट यांनी २०१५ साली सांगितली. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी पुरस्कारांच्या समारंभाला जेनिफर लोपेझ जो हिरवा पोशाख घालून आली, तो बघायला लोक गूगलवर तुटून पडले आणि गूगलकडे द्यायला होते नुसते निळे दुवे! शोध सुरू झाला तरी यंत्राला चित्र 'दिसत' नव्हतंच. फाइलचं नाव, चित्राशेजारचा मजकूर, दुव्याचे शब्द आणि ऑल्ट, यांवरून ते अंदाज बांधायचं. म्हणजे अंध माणसासाठी लिहिलेले शब्द आता एक दुसरं आंधळं वाचायला लागलं होतं. आणि या दुसऱ्या आंधळ्याकडे गिऱ्हाइकं होती.

इथून पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. साक्षीला किंमत आली की भाडोत्री साक्षीदार येतात. कोर्टाच्या आवारात येतात तसेच.

डिसेंबर २००० मध्ये गूगलनं ब्राउझरला जोडायची एक पट्टी दिली. तिच्यात कुठल्याही पानाची पेजरँक हिरव्या रेघेनं शून्य ते दहा अशी दिसायची. झालं! आशीर्वादाला बाजारभाव मिळाला. सात गुणांच्या पानावरच्या दुव्याला इतके पैसे, पाचच्याला इतके. एकमेकांना दुवे देण्यापुरतीच जन्माला घातलेली पानांची शेतीच्या शेती उगवली. असे दुवे विकणाऱ्या एका कंपनीची क्रमवारी गूगलनं खाली आणली तेव्हा ती कंपनी कोर्टात गेली. २००३ साली ओक्लाहोमातल्या न्यायालयानं सांगितलं की क्रमवारी हे गूगलचं मत आहे, आणि मत बाळगायचं स्वातंत्र्य त्याला आहे. मत, बरं का. आपण मात्र ती यादी निकालासारखी वाचतो.

त्याच वर्षी काही लोकांनी संगनमतानं 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवरून जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राकडे दुवे दिले, आणि ते शब्द शोधले की पहिलं नाव राष्ट्राध्यक्षांचं यायला लागलं. चेष्टाच होती, पण काही लोकांनी ठरवून बोट दाखवलं तर यंत्र हो म्हणतं हे उघडं पडलं. गूगलनं त्यावर बंदोबस्त केला तो जानेवारी २००७ मध्ये.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो साध्या लिहिणाऱ्यांना. लेखाखाली वाचकांच्या प्रतिक्रियांची मोकळी जागा असे, तिथे औषधं नि जुगाराचे दुवे येऊन पडायला लागले. शेवटी १८ जानेवारी २००५ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण आणली, 'नोफॉलो'. दुव्यावर ती लावली की शोधयंत्रानं त्याला शिफारस समजायचं नाही. उपाय योग्य होता, पण मला तो वाचताना वाईट वाटतं. "मी दुवा देतोय, पण माझा आशीर्वाद नाही," असं लिहून द्यायची वेळ आली होती. २००७ साली इंग्रजी विकिपीडियानं बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांवर ती खूण लावून टाकली. चोरांमुळे सगळ्या गावानं दारं लावून घेतली.

मोठी माणसंही सापडली. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ गूगलनं काही दिवस यादीतून काढलं, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं असा प्रकार तिथे होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं दाखवून दिलं की जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीकडे हजारो असंबद्ध पानांवरून दुवे येत होते. आम्हाला कल्पना नव्हती, असं कंपनीनं सांगितलं आणि आपल्या एसईओवाल्यांना काढून टाकलं. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, त्यात विकतचे दुवे ज्यांच्याकडे आहेत त्यांचीच घसरण व्हायला लागली. मग दुवे विकणारेच दुवे काढून द्यायचे पैसे घेऊ लागले. धंदा बुडत नाही, फक्त उलटा होतो. ती हिरवी पट्टी २०१६ साली बंद झाली.

बाजार मात्र चालूच आहे. कोकणात घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या माझ्या मावसभावाला मध्यंतरी एकाचा फोन आला. महिन्याला पाचशे दुवे, अमुक रुपये. भाऊ म्हणाला, "पण हे पाचशे लोक माझ्याकडे राहून गेलेत का?" पलीकडे शांतता. पेज आणि ब्रिन यांना जे म्हणायचं होतं ते माझ्या भावानं एका वाक्यात म्हटलं होतं.

ऑल्टचं काय झालं, ते माझ्या ओळखीच्या एका काकांनी मला ऐकवलं. निवृत्त आहेत, जन्मापासून अंध, एनव्हीडीए इतक्या वेगानं ऐकतात की मला एक अक्षर कळत नाही. त्यांना कुकर घ्यायचा होता. माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला. चित्रापाशी आलं की आवाज म्हणे, "कुकर स्वस्त कुकर बेस्ट कुकर पुणे कुकर ऑफर कुकर." पुढचं चित्र, पुन्हा तेच. कुकर किती लिटरचा, झाकण आतलं की बाहेरचं, यातलं काहीही नाही. काका हसून म्हणाले, "अरे, हे माझ्याशी बोलतच नाहीयेत. माझ्या खांद्यावरून मागे कुणाला तरी हाका मारतायत." ज्याच्यासाठी ती जागा केली, त्याच्याच कानात हा कचरा ओतलेला. विकतच्या दुव्यांनी कुणाचा तरी क्रमांक घसरला असेल. इथे एका माणसाची वाटच बुजवली होती.

या सगळ्यात आपण मराठी लोक कुठे होतो? बराच काळ कुठेच नव्हतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा टंकही घरोघर आला. तरी कितीतरी वर्षं मराठी संकेतस्थळं आपापल्या टंकांत चालत. डोळ्यांना 'मराठी' दिसे, आत साठवलेलं असे रोमन अक्षरांचं कडबोळं. मथळे तर सरळ चित्र करून लावलेले, ऑल्टशिवाय. तेव्हा लिहिला गेलेला पुष्कळ मजकूर शोधयंत्राच्या लेखी नव्हताच, आणि वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या लेखीही नव्हता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, हौशी लोकांनी युनिकोडात लिहायला घेतलं, तेव्हा कुठे मराठी शब्द शोधून मराठी पान मिळायला लागलं. मग आला मोबाइल, आणि आता तर मजकुराचं चित्र करून पाठवायची पुन्हा पद्धत पडली आहे. शुभेच्छा, निधनवार्ता, कविता, सगळं चित्रात. शिवाय लेखकाचं नाव कापून, खाली 'साभार' असा मोघम शब्द. कुणाचे आभार? साभार म्हणायचं आणि दुवा द्यायचा नाही, हे म्हणजे जेवून उठायचं नि कुणाकडे जेवलो ते सांगायचं नाही.

आणि आता इतिहासाचं शेवटचं वळण, जे मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

यंत्राला चित्र ओळखायला शिकवायचं तर नावं ठेवलेली चित्रं हवीत, ढिगानं. लुई फॉन आन यांनी त्यासाठी खेळ काढला: दोन अनोळखी माणसांना एकच चित्र दाखवायचं, दोघांनी तोच शब्द टंकला की गुण. गूगलनं २००६ ते २०११ तो खेळ स्वतःकडे चालवला. २००९ साली फेई-फेई ली आणि सहकाऱ्यांनी 'इमेजनेट' मांडलं, जगभरातल्या हजारो लोकांकडून पैसे देऊन चित्रांना नावं लावून घेतली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की महाजालावर नावं आधीच लावलेली आहेत. ऑल्ट! २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी त्यातून निवडून ३३ लाख चित्रांचा संच केला. २०२१ साली १८० कोटी चित्रं आणि त्यांचे ऑल्ट, फारसं निवडत न बसता. २०२२ मधल्या 'लायन' या खुल्या संचात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. आज शब्द दिले की चित्र काढणारी आणि चित्र दिलं की वर्णन करणारी जी यंत्रं आपण बघतो, त्यांतल्या कितीतरी असल्याच जोड्यांवर शिकली.

म्हणजे बघा, दिसत नसलेल्या माणसासाठी कुणीकुणी जे दोन शब्द लिहिले, त्यांनी यंत्राला दृष्टी आली. आणि तेच यंत्र आज काकांना फोटोचं वर्णन करून सांगतं. फेसबुकनं २०१६ साली अशी सोय आणली तेव्हा ती 'झाड, माणसं, हसरे चेहरे' एवढंच सांगायची, आता पुष्कळ जास्त सांगता येतं. कुणीतरी दिलेला दुवा फिरून असा पोचला. मात्र 'स्वस्त कुकर बेस्ट कुकर'ही याच वाटेनं आत गेलं आहे. आणि ज्यांनी आपल्या भाषेत चित्रांना नावं ठेवलीच नाहीत, त्यांचे शब्द यंत्रानं शिकायचे कुठून?

दुव्याचीही पुन्हा परीक्षा चालू आहे. २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांना यादीच्या वर स्वतःच उत्तर लिहून देतं. मुळातलं पान उघडायची वाचकाला गरज भासत नाही. माहिती मिळते, पण ती कुणाकडून आली हे बघायला थांबतो कोण?

आता घरच्या मंडळींसाठी. आपल्या गटावर आलेले जुने फोटो मी साठवतोय, त्यांची नावं आकड्यांची आहेत. यंत्राला दाखवलं तर ते सांगेल, 'नऊवारीतली स्त्री, कौलारू घर, मागे बैलगाडी'. बरोबरच आहे. पण ती आत्या आहे, घर नंतर पडलं, आणि बैलगाडीत माहेरचं सामान आहे, हे कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. ते माहीत असलेली तीन माणसं उरली आहेत. मराठेशाहीतल्या पुष्कळ पत्रांवर तिथी असते, महिना असतो, साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं, लिहायचं कशाला? राजवाड्यांसारख्या संशोधकांना पुढे एकेका पत्राचं साल ठरवताना डोकं खाजवायला लागलं. आपण आपल्या नातवंडांसाठी तेच कोडं घालून ठेवतोय.

तेव्हा एवढं करू या. फोटोला नाव ठेवायचं, माणूस, गाव आणि साल. ज्याला तो दिसत नाही त्याला फोनवर सांगतोय असं समजून एक सरळ वाक्य लिहायचं. ब्लॉगवर चढवताना तेच ऑल्टमध्ये टाकायचं. आणि कुणाचं लिखाण आवडलं तर पुढे पाठवताना त्याचं नाव राहू द्यायचं, जमलं तर दुवा द्यायचा. वाचलं असेल आणि आवडलं असेल तरच, बरं का.

आत्याच्या फोटोतल्या बैलांची नावं कुणाला आठवत असतील तर कळवा. एकाचं सर्जा होतं असं मोठी काकू म्हणते. दुसऱ्याचं राहिलंय.